नगरपंचायतीचा लिलाव आणि आपला व्यापारी
निरुपयोगी सरकारी मालमत्ता कशी विकली जाते, आणि घेणाऱ्याने काय पाहावे?

कळंबसारख्या तालुक्याच्या गावी सरकारी मालाचा लिलाव ही काही नवी गोष्ट नाही. पंचायत समितीच्या आवारात मोडक्या खुर्च्या, कपाटे आणि टेबलांचा ढीग पडलेला असतो. पाणीपुरवठ्याचे जुने पाइप व बंद पडलेले पंप टाकीजवळ गंजत असतात. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेच्या खोल्या पडायला आलेल्या असतात, आणि त्यांवरचे टीनपत्रे व सागवानी वासे मात्र अजून कामाचे असतात. हा सर्व माल केव्हा ना केव्हा विकला जातो. तो घेणाऱ्यांत भंगारवाले, सुतार, लोहार, वेल्डर, मोटार मेकॅनिक असे आपले बांधव बऱ्याच ठिकाणी दिसतात. यवतमाळ जिल्हा सागवानासाठी प्रसिद्ध, त्यामुळे जुन्या इमारतीच्या लाकडाला येथे चांगले गिऱ्हाईक आहे.

पण या धंद्याचे नियम आपल्यापैकी फार थोडे लोक वाचतात. कोणी ऐकीव माहितीवर बोली लावतो व अनामत गमावतो. कोणी एखाद्या कर्मचाऱ्याच्या तोंडी शब्दावर माल उचलतो आणि पुढे पोलीस ठाण्यात उत्तरे देत बसतो. कोणी "हे सर्व आधीच ठरलेले असते" असे म्हणून लिलावाला जातच नाही. तिन्ही प्रकारांत नुकसान आपलेच होते. म्हणून या अंकात आम्ही स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निरुपयोगी मालमत्तेच्या विक्रीची माहिती क्रमवार देत आहोत.

मालक कोण?

पहिला प्रश्न असा की माल कोणाचा आहे. कळंब शहराचा कारभार पूर्वी ग्रामपंचायतीकडे होता, आता तेथे नगरपंचायत आहे. नगरपंचायतीला महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ हा कायदा लागू होतो. तालुक्यातील खेड्यांत ग्रामपंचायती आहेत, त्यांना १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम लागू होतो. शाळा, दवाखाने, पंचायत समितीची कार्यालये ही बहुतेक यवतमाळ जिल्हा परिषदेची मालमत्ता असते, आणि जिल्हा परिषदेचा कायदा १९६१ चा आहे. एकाच गावात तीन मालक आणि तीन कायदे असू शकतात. ग्रामपंचायतीच्या सरपंचाला जिल्हा परिषदेच्या शाळेची कौले विकता येत नाहीत, आणि मुख्याध्यापकाला शाळेची मोडकी बाकेही स्वतःच्या मर्जीने विकता येत नाहीत. जो माल ज्याच्या नोंदवहीत आहे, तोच त्याचा विक्रेता. हे समजून घेतले नाही तर पुढचे सर्व व्यर्थ आहे.

माल निरुपयोगी ठरतो कसा?

कार्यालयातील टिकाऊ वस्तूंची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत केलेली असते. खुर्ची मोडली म्हणून ती नोंदवहीतून आपोआप निघत नाही. तिला कमी करण्याची रीतसर पद्धत आहे, तिला निर्लेखन म्हणतात. प्रथम संबंधित कर्मचारी निरुपयोगी वस्तूंची यादी करतो. मग तज्ज्ञ व्यक्ती वस्तू पाहून ती दुरुस्तीयोग्य नाही असा दाखला देते. पंप, मोटार व इमारत यांसाठी हे काम अभियंत्याचे असते. त्यानंतर आजची किंमत काढली जाते. शेवटी सक्षम अधिकारी किंवा सभा निर्लेखनास व विक्रीस मंजुरी देते. शाळेच्या खोल्या पाडायच्या असतील तर इमारत धोकादायक झाल्याचा अभियंत्याचा अहवाल, पाडून निघणाऱ्या साहित्याचे मूल्यांकन आणि मंजुरी, हे सर्व आधी व्हावे लागते व लिलाव नंतर.

व्यापाऱ्याने हे का जाणावे? कारण निर्लेखन झाल्याशिवाय झालेली विक्री कच्ची असते. उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर माल कोणाला दिला याचा शोध सुरू होतो, आणि त्यात घेणाऱ्याचे नाव येते. म्हणून लिलावापूर्वी "निर्लेखनाचा आदेश क्रमांक व दिनांक काय?" एवढा एक प्रश्न विचारावा. नोटिशीत तो छापलेला असेल तर उत्तमच.

विक्री जाहीरच का?

खाजगी माणूस आपली सायकल भावाला दहा रुपयांत देऊ शकतो. नगरपंचायतीला तसे करता येत नाही, कारण सायकल नगरपंचायतीची नसून जनतेची असते. संविधानाच्या १४ व्या अनुच्छेदाने सर्वांना समान वागणूक मिळण्याचा हक्क दिला आहे, आणि सार्वजनिक मालमत्तेच्या विक्रीत तोच हक्क लागू होतो. सर्वोच्च न्यायालयाने हाजी टी. एम. हसन राउथर विरुद्ध केरळ फायनान्शियल कॉर्पोरेशन या खटल्यात सांगितले की, सार्वजनिक मालमत्ता साधारणपणे जाहीर लिलावाने किंवा निविदा मागवूनच विकावी. त्यामुळे चांगली किंमत येते आणि कोणावर मेहेरनजर केल्याचा संशय राहत नाही. मेरठ नगर निगम विरुद्ध अल फहीम मीट एक्सपोर्ट्स या २००६ च्या निकालातही, सरकार व त्याच्या संस्थांचे ठेके साधारणतः जाहीर लिलाव वा निविदेनेच द्यावेत आणि त्याची जाहिरात चांगला खप असलेल्या वर्तमानपत्रांत द्यावी, हे तत्त्व न्यायालयाने पुन्हा सांगितले.

या दोन्ही खटल्यांत पक्षकार म्हणून मुस्लिम व्यापारी वा मुस्लिम नावाची कंपनी होती, हे आमच्या वाचकांनी लक्षात घ्यावे. कायद्याचे तत्त्व एकाच बाजूला झुकत नाही. ते जसे आपल्याला दार उघडून देते, तसेच आपल्यातील कोणाला मागच्या दाराने काही मिळत असेल तर तेही बंद करते.

नोटीस कशी वाचावी?

लिलावाची नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते, गावात दवंडी दिली जाते, आणि माल मोठा असेल तर वर्तमानपत्रात जाहिरात येते. अलीकडे पुष्कळ लिलाव संगणकावर होतात. केंद्र सरकारची एमएसटीसी ही कंपनी आणि सरकारी खरेदीचे जेम हे पोर्टल या दोन्ही ठिकाणी जुन्या मालाचे लिलाव चालतात. त्यात भाग घेण्यासाठी आधी नोंदणी करावी लागते व बँक खाते जोडावे लागते. ज्याला संगणक येत नाही त्याने घरातील शिकलेल्या मुलामुलीची मदत घ्यावी, परंतु खाते व पासवर्ड दलालाच्या हाती देऊ नये.

नोटिशीत पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. मालाचे वर्णन व ठिकाण. वजनाने विक्री आहे की "जसा आहे, जेथे आहे" या अटीवर एकगठ्ठा? एकगठ्ठा विक्रीत माल कमी निघाला तरी तक्रार चालत नाही. म्हणून पाहणीच्या दिवशी स्वतः जाऊन माल पाहावा.

२. हातची किंमत. हिलाच काही ठिकाणी सरकारी बोली म्हणतात. हिच्या खाली माल सुटत नाही.

३. अनामत किंवा बयाणा रक्कम. ती रोख भरायची की धनाकर्षाने, कोणाच्या नावे, आणि बोली न लागल्यास केव्हा परत मिळेल?

४. बोली मंजूर झाल्यावर किती रक्कम त्याच वेळी भरायची? केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत, जाहीर लिलावात बोली मान्य होताच किमान २५ टक्के रक्कम जागेवर घ्यावी आणि उरलेली सर्व रक्कम मिळाल्यावरच माल सोडावा असे म्हटले आहे. निविदेच्या पद्धतीत बयाणा साधारणपणे हातच्या किमतीच्या १० टक्के असतो. हे नियम केंद्राच्या खात्यांचे आहेत, पण स्थानिक संस्थांच्या अटीही पुष्कळदा याच धर्तीच्या असतात. आपल्याला मात्र नोटिशीत छापलेली अटच बांधील राहते.

५. माल उचलण्याची मुदत. मुदतीत उचलला नाही तर जागाभाडे लागते किंवा अनामत जप्त होते.

६. मंजुरीचा अधिकार. लिलावात सर्वांत मोठी बोली आपली असली तरी "बोली मंजूर वा नामंजूर करण्याचा अधिकार राखून ठेवला आहे" अशी ओळ बहुतेक नोटिशीत असते. म्हणून मंजुरीचे पत्र हाती येईपर्यंत माल पुढे कोणाला विकण्याचा सौदा करू नये.

बोलीचा हिशेब

आमच्या पाहण्यात आले आहे की लिलावाच्या ठिकाणी माणूस ईर्ष्येला पेटतो, आणि घरी गेल्यावर हिशेब करतो. हिशेब आधी करावा. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शाळेच्या दोन जुन्या खोल्या पाडून साहित्य न्यायचे आहे. हातची किंमत ४०,००० रुपये आहे. आपल्या अंदाजाने पुढीलप्रमाणे माल निघेल :

टीनपत्रे ६०, प्रत्येकी २५० रुपयांप्रमाणे १५,००० रुपये. सागवान २५ घनफूट, १,२०० रुपयांप्रमाणे ३०,००० रुपये. दारे-खिडक्या ८, प्रत्येकी १,५०० रुपयांप्रमाणे १२,००० रुपये. लोखंडी अँगल ४०० किलो, ३० रुपयांप्रमाणे १२,००० रुपये. अखंड विटा ६,०००, प्रत्येकी ३ रुपयांप्रमाणे १८,००० रुपये. एकूण ८७,००० रुपये.

आता खर्च. पाच मजूर सहा दिवस, रोज ५०० रुपयांप्रमाणे १५,००० रुपये. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या दहा खेपा, ६०० रुपयांप्रमाणे ६,००० रुपये. मलबा हलवून जागा साफ करून देण्यास ४,००० रुपये. एकूण २५,००० रुपये. उरले ६२,००० रुपये. त्यातून आपली मेहनत, नफा आणि अंदाज चुकल्यास राखीव म्हणून १२,००० रुपये बाजूला काढले तर बोलीची शेवटची मर्यादा ५०,००० रुपये येते. कर वेगळा भरायचा असेल तर तोही यातून वजा करावा. ही मर्यादा कागदावर लिहून खिशात ठेवावी आणि समोरचा ५१,००० म्हणाला की शांतपणे बाजूला व्हावे. वरील भाव केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या बाजारातील भाव घालावेत.

मलबा हलवण्याची आणि पाडकामात मजुराला इजा झाल्यास जबाबदारीची अट नोटिशीत असतेच. या दोन अटींकडे दुर्लक्ष करणारे पुष्कळ आहेत. भिंत पाडताना मजूर जखमी झाला तर दवाखान्याचा खर्च कार्यालय देत नाही, ठेकेदाराला द्यावा लागतो.

कराची बाजू

जीएसटीच्या बाबतीत एक नियम नीट समजून घ्यावा. १३ ऑक्टोबर २०१७ पासून केंद्र सरकार, राज्य सरकार किंवा स्थानिक संस्थेने जुनी वाहने, जुन्या वापरलेल्या वस्तू अथवा भंगार नोंदणीकृत व्यापाऱ्याला विकले तर त्यावरील जीएसटी विकणाऱ्याने नव्हे, तर घेणाऱ्याने भरायचा असतो. म्हणजे आपली जीएसटी नोंदणी असेल तर नगरपंचायतीच्या पावतीत कर दिसत नाही म्हणून तो माफ आहे असे समजू नये. तो आपल्या विवरणपत्रात दाखवून भरावा लागतो, आणि पुढे करपात्र विक्री केली तर त्याची वजावट मिळते. नोंदणी नसलेल्या घेणाऱ्याने नोटिशीतील कराची अट वाचावी.

दुसरा नियम १० ऑक्टोबर २०२४ पासूनचा. नोंदणी नसलेल्या माणसाकडून नोंदणीकृत व्यापाऱ्याने धातूचे भंगार घेतले तर तेथेही कर घेणाऱ्यानेच भरायचा आहे. गावोगाव फिरून लोखंड गोळा करणारे आपले भाऊ ज्या मोठ्या व्यापाऱ्याला माल देतात, तो व्यापारी आता हा कर धरूनच भाव सांगतो. भाव कमी का झाला याचे हे एक कारण आहे.

याशिवाय भंगाराच्या विक्रीत प्राप्तिकरापोटी थोडी रक्कम विकणारी संस्था वसूल करून घेते, तिला टीसीएस म्हणतात. ही रक्कम बुडत नाही. विवरणपत्र भरल्यास ती आपल्या खात्यावर जमा दिसते. मात्र पॅन क्रमांक दिला नाही तर कपात जास्त होते. दर अर्थसंकल्पागणिक बदलू शकतो, तेव्हा लिलावाच्या वेळचा दर आपल्या कर सल्लागाराला विचारून घ्यावा.

हा माल कोणालाही घेता येत नाही

पूर्वी नगरपालिकेची जुनी जीप लिलावात घ्यायची, इंजिन खोलून दुरुस्त करायची आणि पाच-सात वर्षे चालवायची, असे आपले मेकॅनिक बंधू करीत. आता ते दिवस गेले. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्राच्या नियमानुसार, सरकारी खात्यांच्या आणि नगरपालिका-पंचायतींच्या वाहनांची नोंदणी १५ वर्षांनंतर चालू राहत नाही. असे वाहन नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रातच मोडीत काढावे लागते. तेव्हा १५ वर्षांवरील पाण्याचा टँकर किंवा रुग्णवाहिका "चालवण्यासाठी" मिळेल या आशेने कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत. १५ वर्षांच्या आतील वाहनाचा लिलाव असेल तर नोंदणी पुस्तक, चेसिस क्रमांक आणि नाव बदलून देण्याची अट आधी पाहावी.

जुने संगणक, प्रिंटर, दूरदर्शन संच, दिव्यांची उपकरणे यांना ई-कचरा नियम, २०२२ लागू होतात. हे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहेत. असा माल नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे किंवा दुरुस्ती करून पुन्हा वापरात आणणाऱ्याकडे गेला पाहिजे. जुन्या बॅटऱ्यांसाठी २०२२ चे वेगळे नियम आहेत. घराच्या अंगणात बॅटरी फोडून शिसे काढणे कायद्याने तर चूक आहेच, शिवाय शिशाचा धूर लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतो. चार पैशांसाठी आपल्याच लेकरांना विष देऊ नये.

लाकडाचे तसेच आहे. रस्त्यावर पडलेले झाड लिलावात घेतले तरी सागवानासारखे लाकूड हलवण्यासाठी वनविभागाचा वाहतूक परवाना लागतो. जुन्या इमारतीतून निघालेले वासे नेताना लिलावाची पावती व मालाची यादी सोबत ठेवावी, म्हणजे नाक्यावर अडवले तर उत्तर देता येते.

गाळे आणि जागा

आतापर्यंत जंगम मालाचे पाहिले. स्थावर मालमत्तेचे, म्हणजे जमीन, इमारत व गाळ्यांचे नियम फार कडक आहेत. १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ९२ प्रमाणे नगरपरिषद किंवा नगरपंचायतीला आपली स्थावर मालमत्ता राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय हस्तांतरित करता येत नाही. त्या प्रस्तावासोबत सभेचा ठराव लागतो, आणि तो एकूण सदस्यसंख्येच्या किमान दोन तृतीयांश बहुमताने झालेला असावा लागतो. हजर सदस्यांच्या नव्हे, एकूण सदस्यांच्या. १७ सदस्यांची नगरपंचायत असेल तर किमान १२ सदस्यांनी बाजूने मत दिले पाहिजे. स्थावर मालमत्तेच्या हस्तांतरणाची पद्धत १९८३ च्या नियमांत दिलेली आहे.

तीन वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला मात्र शासनाची मंजुरी लागत नाही, सभेचा ठराव पुरतो. पण त्या जागेवर पक्के बांधकाम करता येत नाही आणि मुदतवाढीसाठी वरिष्ठांची परवानगी घ्यावी लागते. येथेच आपले छोटे दुकानदार फसतात. गाळा लिलावात मिळाला की तो कायमचा आपला झाला असे समजून ते मागे भिंत वाढवतात, माळा घालतात, किंवा जास्त भाड्याने दुसऱ्याला देतात. मुदत संपल्यावर फेरलिलाव होतो आणि लावलेला पैसा बुडतो. भाडेपट्टा एक वर्षाहून अधिक मुदतीचा असेल तर तो नोंदणीकृत असला पाहिजे. विक्रीचे खत तर नोंदणीशिवाय ग्राह्यच नाही.

ग्रामपंचायतीलाही आपली मालमत्ता विकण्याचा वा भाड्याने देण्याचा अधिकार आहे. परंतु स्थावर मालमत्तेची विक्री, तसेच तीन वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा, यांना जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. गायरान जमीन तर ग्रामपंचायतीच्या विक्रीची वस्तूच नव्हे. २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. सरपंचाच्या सहीच्या साध्या कागदावर गायरानातील जागा विकत घेणाऱ्याचे पैसे पाण्यात जातात.

कब्रस्तान, मशीद व दर्ग्याच्या वक्फ जमिनीचेही असेच. ती गावाची फाजील मालमत्ता नाही आणि मुतवल्लीची खाजगीही नाही. वक्फ मालमत्तेची विक्री कायद्याने मुळातच निरर्थक ठरते. लिलावाच्या नोटिशीत अशी जागा दिसली तर मुदतीत लेखी हरकत घ्यावी, सोबत सातबारा किंवा नगर भूमापनाचा उतारा जोडावा.

लिलाव आणि आपला दीन

काही बंधू विचारतात की बोलीवर बोली चढवणे शरीअतला मान्य आहे काय? कारण दुसऱ्याच्या सौद्यावर सौदा करण्याची मनाई आहे. याचे उत्तर हदीसमध्ये आहे. एक गरजू अन्सारी मदत मागायला आला तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याच्या घरी काय आहे ते विचारले. एक जाड वस्त्र आणि एक पाण्याचे भांडे एवढेच होते. प्रेषितांनी त्या दोन वस्तू लोकांसमोर विकायला काढल्या. एकाने एक दिरहम देऊ केला. "याहून अधिक कोण देतो?" असे त्यांनी विचारले, तेव्हा दुसऱ्याने दोन दिरहम दिले व वस्तू घेतल्या. एका दिरहमचे घरी अन्न न्यायला सांगितले, दुसऱ्याची कुऱ्हाड घ्यायला लावली, तिला स्वतःच्या हाताने दांडा बसवून दिला आणि लाकडे तोडून विकण्यास सांगितले. पंधरा दिवसांनी तो माणूस दहा दिरहम कमावून आला. कारागिराच्या हाती हत्यार देणारा हा लिलाव होता. सौदा ठरण्याआधी सर्वांसमोर बोली वाढवणे जायज आहे, असे आलिमांनी यावरून म्हटले आहे.

मात्र दोन गोष्टी नाजायज आहेत. माल घ्यायचा नसताना केवळ भाव चढवण्यासाठी खोटी बोली लावणे, याला नज्श म्हणतात व त्याची हदीसमध्ये स्पष्ट मनाई आहे. दुसरी गोष्ट आपल्याकडे फार चालते. पाच जण आधी चहाच्या टपरीवर बसतात, "तू घे, आम्ही गप्प राहतो, नंतर आम्हाला वाटा दे" असे ठरवतात आणि हातच्या किमतीवर शंभर रुपये टाकून माल सोडवतात. ही जनतेच्या मालाची चोरी आहे. त्या शंभर रुपयांत आपल्याच मोहल्ल्याच्या नालीचा व दिव्याचा पैसा असतो. कायद्यातही २००२ च्या स्पर्धा अधिनियमानुसार बोलीतील संगनमताला मनाई आहे आणि लिलाव रद्द होऊ शकतो. हलाल रोजी कमावणाऱ्याने अशा टोळीत बसू नये, मग टोळीत आपले असोत की दुसरे.

कागद सांभाळा

भंगाराच्या धंद्यात पावती ही माणसाची ढाल आहे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे वा ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हा आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. नगरपंचायतीचे पाइप, गटारावरची लोखंडी झाकणे, विजेचे खांब हा माल पाहताक्षणी सरकारी म्हणून ओळखू येतो. तो आपल्या गोदामात सापडला आणि कागद नसेल तर "मी लिलावात घेतला" हे सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून पुढील कागद एका फाइलमध्ये ठेवावेत : लिलावाची नोटीस, अनामतीची पावती, बोली मंजुरीचे पत्र, पूर्ण रकमेची पावती, माल सोडण्याचा आदेश आणि वजन व नग लिहिलेली सही-शिक्क्याची यादी. माल विकून झाल्यावरही ही फाइल काही वर्षे जपावी.

आणि ज्याच्याकडे असे कागद नाहीत, त्याचा सरकारी दिसणारा माल स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. कार्यालयाचा कर्मचारी संध्याकाळी गाडी घेऊन आला आणि "साहेबांनी सांगितले आहे" म्हणाला, तरी नाही म्हणावे. चौकशी झाली की साहेब आणि कर्मचारी दोघेही बाजूला राहतात, आणि गोदामवाल्याचे नाव पुढे येते.

अन्याय झाल्यास

नोटीस न लावता विक्री झाली, आपली जास्त बोली असून माल दुसऱ्याला गेला, किंवा अनामत परत मिळत नसेल, तर भांडत बसू नये. प्रथम मुख्याधिकारी, गटविकास अधिकारी किंवा ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून निर्लेखनाचा आदेश, मूल्यांकन, आलेल्या बोलींचा तक्ता आणि ठरावाची प्रत मागता येते. तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. नगरपंचायतीचा ठराव बेकायदा असेल तर १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. ग्रामपंचायतीबद्दलची तक्रार जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे करता येते. तक्रार लवकर करावी. माल उचलला जाऊन वितळल्यावर कोणताही अधिकारी तो परत आणू शकत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा-कळंब रेल्वेमार्गाचे उद्घाटन झाले आणि कळंब रेल्वेने वर्ध्याशी जोडले गेले. बाहेरचे व्यापारी येथे येणे सोपे झाले आहे, आणि संगणकावरील लिलावात तर नागपूरचा व्यापारी घरबसल्या कळंबच्या मालावर बोली लावतो. ओळखीपाळखीवर चालणारा धंदा पुढे टिकणार नाही. आमची सूचना अशी की प्रत्येक गावातील आठ-दहा व्यापारी व कारागिरांनी मिळून एक शिकलेला तरुण नेमावा. त्याने आठवड्यातून एकदा नगरपंचायत, पंचायत समिती व तहसीलच्या फलकावरील नोटिशी पाहाव्यात, संगणकावरील लिलाव तपासावेत, आणि जुम्याच्या नमाजनंतर सर्वांना माहिती द्यावी. माहिती सर्वांना द्यावी, बोली मात्र प्रत्येकाने आपल्या हिशेबाने व आपल्या ऐपतीप्रमाणे स्वतंत्र लावावी. एवढे केले तरी, इन्शाअल्लाह, नोटीस कळलीच नाही म्हणून कोणाची संधी जाणार नाही आणि नियम माहीत नव्हता म्हणून कोणाची अनामत बुडणार नाही.